रिपोर्ट हाती येतो तेव्हा



आगमनकाळाच्या अखेरच्या दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला दोन गरोदर स्त्रियांच्या भेटीकडे घेऊन जाते. एक तरुणी, नुकतेच दिवस गेलेली. दुसरी उतारवयातली, सहावा महिना चालू असलेली. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातली वाट लगबगीने चालून अलिशिबेच्या घरी पोहोचते. तिच्या अभिवादनाचा आवाज कानी पडताच अलिशिबेच्या उदरातले बाळ आनंदाने उसळी घेते. संत लूक यांनी आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग दिला आहे. त्यातली एक गोष्ट आपण लक्षात घेतली आहे का? जगाच्या तारणाऱ्याचे पहिले स्वागत ज्याने केले, त्याचाही अजून जन्म झालेला नव्हता.

आजच्या काळात अलिशिबा एखाद्या प्रसूतिगृहात नाव घालायला गेली असती, तर तिचे वय पाहून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिच्या फाईलवर 'हाय रिस्क' असा शिक्का मारला असता. डॉक्टरांचे त्यात काही चुकले नसते. वाढत्या वयात काळजी जास्त घ्यावी लागते, हे खरेच आहे. पण त्या दोन शब्दांनी तिच्या घरात काय झाले असते? जखऱ्याने काय म्हटले असते? शेजारणींनी काय सल्ले दिले असते?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. अलीकडे आम्हा धर्मगुरूंकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांच्या हाती कधीकधी एक पाकीट असते. त्यात सोनोग्राफीचे काळेपांढरे चित्र, रक्ततपासणीचा तक्ता आणि तळाशी एक आकडा. नवऱ्याचा चेहरा उतरलेला, पत्नीच्या डोळ्यांत पाणी. "फादर, ही तपासणी केली ते पाप झाले का?" "फादर, रिपोर्ट असा आला आहे, आता काय करायचे?" काही जण तर येतही नाहीत. घरच्या घरी निर्णय घेतात आणि मग वर्षानुवर्षे तो एकट्याने वाहतात.

म्हणून या रविवारी आपण या विषयावर मोकळेपणाने विचार करू या. औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांनीच द्यायचा; तो आमचा प्रांत नव्हे. परंतु तो कागद काय सांगतो, काय सांगत नाही, आणि तो हाती आल्यावर ख्रिस्ती माणसाने कसे उभे राहायचे, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

ही तपासणी म्हणजे काय?

सोनोग्राफीत आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटावरून आत सोडल्या जातात. त्या बाळाच्या अंगावर आदळून परत येतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. त्यात एक्स-रेचे किरण नसतात. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या पद्धतीवरचा आपला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. कारखान्यात धातूच्या आत दडलेली चीर शोधण्यासाठी ध्वनिलहरी वापरल्या जात. तीच युक्ती त्यांनी मातेच्या उदराकडे वळवली. विशेष म्हणजे हेच डॉ. डोनाल्ड पुढे ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्याचे जाहीर विरोधक होते.

गरोदरपणाच्या ११ व्या आठवड्यापासून १४ वा आठवडा पुरा होण्याच्या आत जी सोनोग्राफी करतात, तिला आपल्याकडे 'एनटी स्कॅन' म्हणतात. या वेळी बाळाची लांबी साडेचार ते साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास असते. आपल्या अंगठ्याहून थोडे लहान किंवा थोडे मोठे. एवढ्याशा जिवाच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव असतो. तो प्रत्येक बाळात असतो. डॉक्टर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. ती अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष किंवा हृदयाची एखादी तक्रार असण्याची शक्यता वाढते. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉ. किप्रॉस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या मोजमापाचे महत्त्व दाखवून दिले. १४ आठवड्यांनंतर हे मोजमाप उपयोगाचे राहत नाही, म्हणून डॉक्टर तारखेबाबत आग्रही असतात.

याच तपासणीत इतरही पुष्कळ दिसते. बाळाचे ठोके दिसतात, हातपाय हलताना दिसतात. गरोदरपणाचे दिवस बरोबर मोजता येतात. जुळी असतील तर दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे याच काळात सर्वांत चांगले कळते, आणि पुढची देखरेख त्यावर अवलंबून असते. कवटी नीट तयार न होण्यासारखे काही गंभीर दोषही या वेळी लक्षात येतात. हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे यांची बारकाईची पाहणी मात्र पुढे १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या सोनोग्राफीत होते.

एनटी स्कॅनच्या जोडीला आईच्या रक्तातील दोन घटक तपासतात. त्याला 'डबल मार्कर' म्हणतात. मानेमागचे मोजमाप, रक्तातील घटक आणि आईचे वय या तिन्हींचा मेळ घालून संगणक एक आकडा काढतो. वय का धरतात? कारण डाऊन सिंड्रोमची शक्यता वयाबरोबर वाढते. आई २० वर्षांची असताना ती साधारण १,५०० त १ असते, ३५ व्या वर्षी साधारण ३५० त १ आणि ४० व्या वर्षी १०० त १. तरुण वयात ती कमी असते, पण शून्य नसते.

शक्यता म्हणजे निकाल नव्हे

बंधुभगिनींनो, सगळा घोटाळा होतो तो या आकड्यापाशी. समजा, रिपोर्टवर '२५० त १' असे लिहिले आहे आणि पुढे 'हाय रिस्क' असा शेरा आहे. आपण घाबरतो. आता क्षणभर असे डोळ्यांपुढे आणा की रविवारच्या मिस्साला आपल्या चर्चमध्ये असाच रिपोर्ट असलेल्या २५० गरोदर भगिनी बसल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. उरलेल्या २४९ जणींच्या बाळांना तो नसेल. 'हाय रिस्क' या शब्दांचा अर्थ एवढाच, की आणखी नीट पाहायला हवे.

ही चाळणी आहे. चाळणीत खडे अडकावेत म्हणून पुष्कळ चांगले दाणेही अडकतात. १,००० स्त्रियांची अशी तपासणी केली, तर सुमारे ५० जणींना 'हाय रिस्क' असे सांगितले जाते. त्यांतल्या बहुतेकींची बाळे त्या दोषापासून मुक्त असतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा. ही एकत्रित तपासणी डाऊन सिंड्रोमच्या दहापैकी सुमारे नऊ बाळांकडे बोट दाखवते, एखादे निसटते. म्हणून 'लो रिस्क' ही हमी नव्हे. आणि बहिरेपणा, स्वमग्नता यांसारख्या कितीतरी गोष्टी सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतच नाहीत.

पक्के निदान करायचे तर वेगळ्या चाचण्या लागतात. वारेचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे, किंवा १५ आठवड्यांनंतर सुईने थोडे गर्भजल काढून तपासणे, या त्या चाचण्या. त्यांत गर्भ पडून जाण्याचा धोका असतो. अनुभवी हातांत तो शेकड्यात एकाहून कमी असतो, पण असतो. सन २०११ नंतर आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एक नवी रक्ततपासणीही उपलब्ध झाली आहे. ती बरीच अचूक आहे, तरी तीसुद्धा चाळणीच आहे. तिच्यावरून अंतिम निष्कर्ष काढू नये, असे डॉक्टरच सांगतात.

म्हणून आमची पहिली विनंती अशी: रिपोर्टच्या कागदावर घाईने निर्णय घेऊ नका. डॉक्टरांना शांतपणे विचारा. हा आकडा शक्यतेचा आहे की निदानाचा? पुढची चाचणी बाळाला किती धोक्याची आहे? तिच्यामुळे बाळाच्या उपचारात काय फरक पडेल? गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटेच मिळत असतील, तर वेगळी वेळ मागून घ्या. विचारणे हा तुमचा हक्क आहे. आणि त्या भेटीला पत्नीला एकटीला पाठवू नका. नवऱ्याने कामावरची एक रजा त्यासाठी जरूर खर्च करावी.

दोष कोणाचा?

रिपोर्ट घरी पोहोचला, की दुसरा खटला सुरू होतो. "आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही." "ग्रहणाच्या दिवशी सुरी हातात घेतली होतीस ना?" "कोणाची तरी दृष्ट लागली." देवाचे नाव घेणाऱ्या आपल्या कुटुंबांतही ही वाक्ये ऐकू येतात, आणि ती बहुधा सुनेलाच ऐकावी लागतात.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन प्रती असतात. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना विभागणीत झालेल्या आकस्मिक गडबडीमुळे हे घडते. आईने काय खाल्ले, कुठे गेली, ग्रहणात काय केले, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ग्रहणामुळे ओठ फाटत नाही. दृष्टीमुळे गुणसूत्र वाढत नाही.

आणि ही देवाची शिक्षाही नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. संत योहान यांच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आज घरी जाऊन सर्वांनी मिळून वाचा. शिष्य मागे वळून कारण शोधत होते. प्रभू पुढे पाहत होता: या माणसाच्या जीवनात देवाचे कार्य कसे प्रकट होईल, हा त्याचा विचार होता. ख्रिस्ती घराने रिपोर्ट हाती आल्यावर कोणत्या दिशेला पाहायचे, हे त्या अध्यायात आहे.

जे टाळता येण्यासारखे आहे, ते टाळण्याची जबाबदारी मात्र आपली आहे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची स्वस्त गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत रोज घेतली, तर मेंदू आणि पाठीच्या कण्याचे दोष बऱ्याच प्रमाणात टळतात. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. हे दोष गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडतात, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे पक्के कळण्याच्याही आधी. म्हणून लग्न ठरलेल्या तरुणतरुणींनी हे आजच टिपून ठेवावे आणि वेळेवर डॉक्टरांना विचारावे.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

काही भाविकांचा समज असतो, की ख्रिस्तसभा सोनोग्राफीच्या विरोधात आहे. तसे नाही. विश्वासाच्या सिद्धांतासाठी असलेल्या व्हॅटिकनच्या मंडळाने १९८७ साली 'दोनुम वीते' हे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली 'एव्हांजेलियुम वीते' या विश्वपत्रात तेच पुन्हा मांडले. त्याचा सारांश असा: जन्मापूर्वीची तपासणी गर्भातील बाळाच्या जिवाचा आणि देहाचा आदर राखत असेल, त्याची काळजी व उपचार हा तिचा उद्देश असेल आणि आईबापांनी समजून संमती दिली असेल, तर ती योग्य आहे. दोष आढळला तर बाळ काढून टाकायचे असे आधीच ठरवून केलेली तपासणी मात्र गंभीर अपराध आहे.

तेच मशीन, तोच पडदा, तेच डॉक्टर. पण मनातला प्रश्न वेगळा. एक आई विचारते, "माझ्या बाळाला काय हवे आहे?" दुसरीला विचारायला लावले जाते, "हे बाळ आपल्याला हवे आहे का?" पहिल्या प्रश्नातून पुष्कळ चांगले निष्पन्न होते. हृदयाचा दोष आधी कळला, तर जिथे लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणाजवळ बाळंतपणाची सोय करता येते. एकच वार असलेल्या जुळ्यांमध्ये रक्ताची विषम वाटणी होत असेल, तर गर्भाशयातच लेझरने उपचार होऊ शकतात. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल यांवर जन्मानंतर उत्तम उपचार आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक साधा भेद आम्हा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवला जातो. ॲरिस्टॉटलने तो मांडला आणि संत थॉमस अक्विनास यांनी पुढे नेला. एखादी वस्तू मुळात 'काय आहे' हे एक, आणि ती 'कशी आहे' हे दुसरे. माणूस उंच असेल, ठेंगणा असेल, हुशार असेल, मंद असेल. या सगळ्या त्याच्या असण्याच्या तऱ्हा झाल्या. त्या बदलल्या तरी तो माणूसच राहतो. सोनोग्राफी बाळ कसे आहे याविषयी थोडेफार सांगू शकते. ते कोण आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही यंत्राला नाही. ते त्याच्या निर्मात्याने आधीच ठरवले आहे. १३९ व्या स्तोत्रात भक्त हेच गातो, की आईच्या उदरात माझी जडणघडण होत असताना देवा, तू मला पाहत होतास. पडद्यावर आपण पहिल्यांदा पाहतो, त्याआधी कोणीतरी पाहिलेले असते.

फ्रेंच शास्त्रज्ञ डॉ. जेरोम लेज्युन हे कॅथोलिक गृहस्थ होते. मार्त गोतिए आणि रेमंड तुर्पें या सहकाऱ्यांबरोबर १९५९ साली त्यांनी डाऊन सिंड्रोमचे कारण, म्हणजे ते जादा गुणसूत्र, जगापुढे ठेवले. कारण कळले, आता उपचार सापडेल, ही त्यांची आशा होती. परंतु त्याच ज्ञानाचा उपयोग अशा बाळांना शोधून जन्माआधीच दूर करण्यासाठी होऊ लागला. लेज्युन यांनी त्याविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला आणि या मुलांवर उपचार करणे चालूच ठेवले. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी ते देवाघरी गेले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

आपल्या देशाचा कायदाही समजून घ्या. बाळ मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत. याबाबत कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांखालील दर १,००० मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. एकाच पडद्याचा दुरुपयोग कुठवर जातो, याचा हा पुरावा आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. बाळात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते. पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. सज्ञान स्त्रीच्या स्वतःच्या संमतीशिवाय कोणीही तिचा गर्भपात करू शकत नाही. नवरा नाही, सासू नाही, डॉक्टरही नाही. आणि कायदा जे चालवून घेतो ते सगळेच देवापुढे योग्य ठरते, असेही नाही.

बातमी खरोखर कठीण असते तेव्हा

काही वेळा पुढच्या चाचण्यांनंतरही निदान पक्के होते. ते दुःख शब्दांनी हलके करता येत नाही, आणि आम्ही तसा प्रयत्नही करणार नाही. आईबापांनी जे बाळ मनात रंगवलेले असते, त्याचा शोक त्यांना करू द्यावा. रडणे हा अविश्वास नव्हे. लाजरच्या थडग्यापाशी प्रभूही रडला.

निदान डाऊन सिंड्रोमचे असेल तर हेही जाणून घ्या, की अशी मुले आज शाळेत जातात, कामे शिकतात, मिस्सामध्ये सेवा करतात. त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि त्यांतले बरेच दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते. चांगल्या उपचारांमुळे ते ६० च्या घरात गेले. मेहनत मात्र मोठी आहे. खर्च आहे, थकवा आहे, आणि "आमच्या मागे याचे कोण?" हा आईबापांना रात्री झोपू न देणारा प्रश्न आहे.

काही दोष असे असतात, की बाळ जन्मानंतर काही तास किंवा काही दिवसच जगणार हे आधीच कळते. "मग नऊ महिने कशासाठी?" असे लोक विचारतात. ज्याचे आयुष्य थोडे आहे, त्याचे ते थोडे आयुष्य आपण काढून घ्यावे का? घरातले वडीलधारे अखेरच्या आजारात असतात तेव्हा आपण उशाशी बसतो, तोंडात पाणी घालतो, प्रार्थना म्हणतो. या बाळालाही तोच अधिकार आहे. मे २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये याच विषयावर परिषद झाली. अशा बाळांना आणि त्यांच्या आईबापांना जन्माआधीपासून अखेरपर्यंत सोबत देणारी सेवा रुग्णालयांत उभी राहावी, असा तिचा आग्रह होता.

अशा कुटुंबांसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. बाळाचे नाव आधीच ठरवा. आम्हाला आधी कळवा. आम्ही रुग्णालयात येऊ. बाळाच्या जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू पोहोचू शकत नसतील, तर कोणीही, अगदी परिचारिकासुद्धा, ख्रिस्तसभेच्या हेतूने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पवित्र त्रैक्याच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते. संस्कार होण्याआधीच बाळ गेले, तर निराश होऊ नका. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आपल्याकडे भक्कम आधार आहेत, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली सविस्तर मांडले आहे. ज्यांना स्नानसंस्कार देण्याचा आईबापांचा मानस होता, त्या बाळांचा ख्रिस्ती अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने होऊ शकतो. त्यांना गुपचूप कुठेतरी पुरून येण्याची गरज नाही.

आणि ज्यांनी पूर्वी कधी भीतीपोटी किंवा दबावाखाली वेगळा मार्ग घेतला आणि ज्या आज हे वाचताना मान खाली घालून बसल्या आहेत, त्या भगिनींना, आणि त्यांना तिकडे ढकलणाऱ्या घरच्यांनाही, आम्हाला सांगायचे आहे: देवाच्या दयेचे दार तुमच्यासाठी बंद झालेले नाही. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. पापनिवेदनाच्या जागी या. तिथे तुमची उलटतपासणी होणार नाही.

धर्मग्रामाची परीक्षा

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सर्वांसाठी आहे. 'गर्भपात करू नका' असे आम्ही वेदीवरून सांगतो. ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. पण जे बाळ जन्माला घालायला आपण सांगतो, त्याच्या आईला आपण नंतर एकटी सोडणार असू, तर त्या शब्दांना काय वजन उरले? सोनोग्राफी बाळाची होते. परीक्षा धर्मग्रामाची होते.

अशा बाळाचा जन्म झाला, की पेढे वाटावेत की नाही याचा घरच्यांना संकोच वाटतो. आपण जाऊन अभिनंदन करू या. ते मूल मिस्सामध्ये आवाज करते म्हणून त्याची आई मागच्या दाराशी उभी राहते. आपण सरकून तिला बाकावर जागा देऊ या. अशा मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद 'त्याला काय कळते' म्हणून लांबणीवर टाकू नये. त्यांच्यासाठी धर्मशिक्षणाची वेगळी तयारी करू या. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना "त्यांच्या घरात तसे मूल आहे" असे कुजबुजणे आपण आजपासून बंद करू या. कधीकधी रिपोर्टपेक्षा या कुजबुजीचीच भीती आईबापांना गर्भपाताकडे नेते.

लहान ख्रिस्ती समूहांना आमची खास विनंती आहे. आपल्या आळीत अशी आई असेल, तर आठवड्यातली एक दुपार तिच्या बाळाला सांभाळा, म्हणजे तिला दोन तास झोप मिळेल. रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पुढे यावे. शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रांत मदत करावी. सहा फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष, हृदयविकार, डाऊन सिंड्रोम यांची तपासणी व उपचारांची सोय आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. पण ज्या घरात झोप नाही, त्या घराला अर्ज भरायला सवड कुठून मिळणार?

पवित्र मरियेने अलिशिबेची बातमी ऐकली आणि ती उठून निघाली. भेटून, गोड बोलून, संध्याकाळी परत आली नाही. संत लूक सांगतात, ती सुमारे तीन महिने तिथे राहिली. त्या तीन महिन्यांत तिने काय केले, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पाणी भरले असेल, दळण केले असेल, मुक्या झालेल्या जखऱ्याच्या खुणा समजून घेतल्या असतील. 'हाय रिस्क' असलेल्या घराला जे लागते, ते सगळे केले असेल.

येत्या वर्षात आपल्या धर्मग्रामातल्या कोणा घरी असा रिपोर्ट आला, तर त्या घराच्या दारावर पहिली थाप आपल्यापैकी कोणाची असेल?

प्रार्थना करू या: हे जीवनदात्या प्रभू, उदरात वाढणाऱ्या प्रत्येक बाळाला तू नावाने ओळखतोस. ज्या आईबापांच्या हाती आज भीतीचा कागद आहे, त्यांना धीर दे. डॉक्टरांना आणि परिचारिकांना ज्ञानाबरोबर करुणा दे. आणि आमच्या पायांना, मरियेच्या पायांसारखी, लगबगीने निघण्याची बुद्धी दे. आमेन.

प्रभूच्या सेवेत,
आपले प्रमुख धर्मगुरू